माल मालकाच्या जोखमीवर

नाट्यपरीक्षणाचा एक साचा ठरलेला आहे. आधी कथानक, मग पात्रं, मग नेपथ्य, त्यानंतर ‘पार्श्वसंगीत प्रसंगांना साजेसं’ हे एक वाक्य आणि शेवटी ‘काही त्रुटी दूर केल्यास प्रयोग अधिक परिणामकारक होईल’ हा आशीर्वाद. आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत मी गेली कित्येक वर्षं याच साच्यातून परीक्षणं काढत आलो आहे. साचा इतका पक्का, की पुढ्यात नाटक नसलं तरी त्याचं काही अडलं नसतं. म्हणूनच आज तो एका निराळ्या प्रयोगाला लावून पाहावा म्हणतो.

हा प्रयोग रोज रात्री साडेनऊनंतर आमच्या निगडीच्या घरी, आतल्या खोलीत होतो. पडदा नाही, मध्यंतर नाही, बटाटेवडा नाही. विजेचं बिल तेवढं येतं, आणि ते माझ्या नावावर. नायक, दिग्दर्शक आणि प्रेक्षक अशा तिन्ही भूमिका आमचे चिरंजीव करतात. कानाला दोन वाट्या लावून ते संगणकासमोर बसतात आणि दीड तास एक अवाढव्य अवकाशयान एका ताऱ्याकडून दुसऱ्या ताऱ्याकडे नेतात. यानात काय असतं? शत्रू? राजकन्या? परग्रहावरचं बाळ? छे! यानात माल असतो. नुसता माल. आमचे चिरंजीव अंतराळात हमाली करतात.

या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार काय, असं कुणी विचारील म्हणून सांगतो. माझी बत्तीस वर्षं भोसरीतल्या एका कारखान्याच्या डिस्पॅच खात्यात गेली. चलन, गेट पास, बिल्टी आणि ‘साहेब, गाडी अजून लागलीच नाही’ या चार गोष्टींनी माझा पिंड घडला आहे. मालवाहतुकीच्या नाटकातलं कुठलं वाक्य खोटं, हे मला विंगेतूनही ऐकू येतं.

तर आधी कथानक. खेळाचं नाव ‘ईव्ह ऑनलाइन’. तो २००३ साली आइसलँडमधल्या एका कंपनीने काढला. आइसलँड म्हणजे चार लाखांच्या आसपास वस्तीचा देश. आमच्या पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीतच २०११ च्या जनगणनेत १७ लाखांवर डोकी भरली होती. एवढ्याशा देशाने हजारो तारे असलेलं अख्खं विश्व रचलं आणि जगभरच्या माणसांना त्यात एकत्र नांदायला सोडलं. तिथे चलन म्हणून जे वापरतात त्याचं लघुरूप ‘आयएसके’, म्हणजे आइसलँडच्या खऱ्या क्रोनाचंही तेच. माणूस विश्व निर्माण करतो, पण नोटा गावच्याच छापतो.

ही कल्पना त्यांना आभाळातून सुचली असंही नाही. १९८४ साली केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी, डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल यांनी, ‘एलीट’ नावाचा खेळ काढला होता. त्यात हातावर शंभर रुपयांसारखे शंभर क्रेडिट ठेवून खेळाडूला सांगायचे, जा, इथे स्वस्त घे, तिथे महाग वीक, वाटेत चोर भेटले तर निस्तर. थोडक्यात, भुसार मालाचा व्यापार. फक्त बैलगाडीच्या जागी यान.

‘ईव्ह’च्या कर्त्यांना एक गोष्ट मात्र फार खोलवर कळली आहे, आणि ती इथे मुक्तकंठाने सांगितली पाहिजे. ती म्हणजे वस्तूला अंतर असतं. या विश्वातली सगळ्यांत मोठी बाजारपेठ जीटा नावाच्या ठिकाणी भरते. तिथे घेतलेली वस्तू तिथेच राहते. ती आपल्या घरी हवी असेल तर कुणीतरी ती यानात भरून, एकेक तारा ओलांडत, आणावी लागते. घरबसल्या बटण दाबून दारात डबा येण्याची सवय झालेल्या पिढीला हे कुणीतरी सांगायला हवंच होतं. बटण आणि दार यांच्यामध्ये एक गाडी असते, आणि गाडीत एक माणूस असतो.

आता खलनायक. चोर नाटकात असतातच. पण हे चोर वाणिज्य शाखेचे पदवीधर वाटतात. या विश्वात काही भाग सुरक्षित मानलेले आहेत. तिथे कुणी कुणावर हल्ला केला तर कॉन्कॉर्ड नावाचे पोलीस येतात आणि हल्लेखोराचं यान उडवतात. सुटका नाही, वशिला नाही, तारीख पे तारीख नाही. पोलीस शंभर टक्के येतात. फक्त थोड्या वेळाने येतात. जागा जितकी कमी सुरक्षित, तितका हा ‘थोडा वेळ’ मोठा. तेवढ्या अवधीत काय होतं पाहा. दहा-वीस चोर स्वस्तातली याने घेऊन येतात, एका लठ्ठ मालवाहू यानावर तुटून पडतात आणि ते फोडतात. मग पोलीस येऊन चोरांची स्वस्त याने फोडतात. फुटलेल्या यानातला साधारण अर्धा माल नष्ट होतो, उरलेला अर्धा बाहेर तरंगतो आणि तो उचलायला चोरांचा एक सोवळा भाऊबंद बाजूला उभाच असतो. उएदामा नावाचा एक नाका तर याच कामासाठी प्रसिद्ध आहे. तो रस्त्यात येतो, आणि रस्त्यात येतो म्हणूनच तिथे चोर.

म्हणजे शिक्षा हा इथे गुन्ह्याचा खर्च आहे. पेट्रोल, टोल, शिक्षा असे तीन आकडे मांडून चोर बेरीज करतात. मालाची निम्मी किंमत त्या बेरजेहून जास्त निघाली तर हल्ला, नाहीतर ‘जा बाबा सुखाने’. चिरंजिवांच्या सगळ्या युक्त्या या एका बेरजेभोवती फिरतात.

पहिली युक्ती: एका खेपेत फार मोलाचा माल भरायचा नाही. हे तत्त्व आमच्या आजीला ठाऊक होतं. काशीयात्रेला निघताना तिने पैसे चार ठिकाणी ठेवले होते: पिशवीत, कनवटीला, पोथीत, आणि चौथी जागा तिने शेवटपर्यंत कुणाला सांगितली नाही. २०१० साली या खेळात एकाने ही रीत मोडली. खेळाचं महिन्याचं शुल्क भरायला चालणारी ‘प्लेक्स’ नावाची हुंडी असते. तशा ७४ हुंड्या त्याने एका चिमुकल्या यानात घातल्या. खऱ्या पैशांत हजार डॉलरच्या वर आणि मुदतीत सहा वर्षांचं शुल्क! ते यान जीटाजवळ फुटलं. गंमत म्हणजे सगळ्या हुंड्या जळाल्या आणि लुटारूंच्याही हाताला काही लागलं नाही. शोकांतिका म्हणावी तर ती दोन्ही बाजूंची.

दुसरी युक्ती: आपोआप चालणाऱ्या यंत्रावर यान सोडून जेवायला जायचं नाही. कारण ते यंत्र यानाला ताऱ्याच्या दारापर्यंत थेट नेत नाही. बरंच अलीकडे सोडतं आणि मग यान उरलेलं अंतर रांगत कापतं. ‘पुढे वन-वे आहे, इथूनच चालत जा’ म्हणणारे रिक्षावाले मला आठवले. आकाशगंगाही शेवटी नाशिक फाट्यासारखीच निघाली.

तिसरी युक्ती: पुढे एक माणूस पाठवायचा. नाक्यावर कोण उभं आहे ते पाहून तो कळवतो आणि मग मागचं यान हलतं. तळेगाव-चाकण रस्त्यावरच्या प्रत्येक ड्रायव्हरचा फोन हेच काम करतो. ‘चौकात कंटेनर आडवा झालाय, आंबेठाणकडून घाल’ हे वाक्य तिथे दिवसातून किती वेळा उच्चारलं जातं याची मोजदाद कुणी केलेली नाही.

चौथी युक्ती मात्र ऐकून मी खुर्चीत सावरून बसलो. अवजड यानाला वेग घ्यायला फार वेळ लागतो. कमाल वेगाच्या पाऊण हिश्श्यापर्यंत ते पोचलं की एकदम झेप घेऊन नाहीसं होतं. त्याआधी चोरांना फावतं. तर यावर तोडगा असा, की आपल्याच मित्राने आपल्या यानावर जाळं टाकायचं, म्हणजे त्याचा कमाल वेगच कमी होतो. आणि कमाल वेग कमी झाला की पाऊण हिस्साही कमी झाला! यान आहे त्याच वेगात पात्र ठरून झेप घेतं. चिरंजिवांना याचं फार नवल. मला काडीचं नाही. मार्चअखेरीस उत्पादनाचं उद्दिष्ट पुरं होत नसलं की उद्दिष्टच खाली आणून ते ‘१०२ टक्के’ साध्य केल्याचा तक्ता मी बत्तीस वर्षं भिंतीवर पाहिला आहे.

खेळातला मला सगळ्यांत आवडलेला प्रवेश मात्र कराराचा. तुम्ही दुसऱ्याचा माल वाहून न्यायचं कबूल केलंत, की मालाच्या किमतीएवढी अनामत आधी ठेवायची. माल पोचला की अनामत परत आणि वर भाडं. माल बुडाला, पळवला, विकून खाल्ला, तर अनामत मालकाची. तिथे कुणी कुणाचा चेहरा पाहिलेला नाही, ‘आपलाच माणूस आहे’ ही सोय नाही. तेव्हा त्यांनी विश्वासाच्या जागी अनामत बसवली. या पायावर खेळाडूंनी वाहतुकीच्या पेढ्या काढल्या आणि त्या वर्षानुवर्षं चालल्या.

आता आपली बिल्टी काढा. तिच्यावर काय छापलेलं असतं? ‘माल मालकाच्या जोखमीवर.’ खरं म्हणजे १८६५ चा वाहकांचा कायदा होता, मग २००७ चा नवा आला. त्यातही जादा जोखमीचा दर भरला नसेल तर वाहकाची भरपाई मर्यादितच. आपल्या पूर्वजांनी याहून सुबक तोड काढली होती. तिचं नाव जोखमी हुंडी. माल सुखरूप पोचला तरच तिचे पैसे द्यायचे. वाटेत बुडाला तर हुंडीही बुडाली. कर्ज आणि विमा एकाच कागदावर! आइसलँडच्या मंडळींनी संगणकात घातलं ते आपल्या पेढ्यांवर गादीला टेकून चालत असे.

आणि मौल्यवान मालाची सुखरूप वाहतूक हा विषय महाराष्ट्राला कुणी नव्याने शिकवावा असंही नाही. ऑक्टोबर १६७० मध्ये शिवाजीमहाराज सुरतेची दुसरी स्वारी करून बागलाणातून परतत होते. द्रव्याने लादलेले घोडे बरोबर, आणि दाऊदखान वाट अडवायला निघालेला. महाराजांनी काय केलं? द्रव्य पुढे काढून दिलं आणि स्वतः लढायला मागे राहिले. वणी-दिंडोरीला लढाई झाली, मराठ्यांनी ती जिंकली आणि माल मुक्कामी पोचला. माल पुढे आणि मालक मागे, शत्रूच्या तोंडावर. मालकाने जोखीम घेतली म्हणजे काय झालं, ते इथे दिसतं. बिल्टीवर तेच शब्द असतात. पण तिथला मालक बहुतेक वेळा वातानुकूलित खोलीत असतो.

इथवर परीक्षण अनुकूल झालं. आता त्रुटी.

पहिली त्रुटी मौल्यवान या शब्दाचीच. खेळात मालाची किंमत बाजार ठरवतो आणि बहुतेक यानांतला माल कुणीही यंत्र लावून वाचू शकतो. ताडपत्री नावाची वस्तू त्या प्रगत विश्वात फार थोड्यांच्या वाट्याला येते. ते सोडा. पण चाकणला मोल वेगळ्याच गोष्टीत असतं. इथले गाड्यांचे कारखाने सुट्या भागांचा फार साठा ठेवत नाहीत. हवा तेव्हा, हवा तेवढा माल दारात आला पाहिजे ही जपानी शिस्त. आता एक रबरी वॉशर घ्या. किंमत? कटिंग चहापेक्षा कमी. पण तो वेळेवर आला नाही तर लाखो रुपयांच्या मोटारी जागच्या जागी थबकतात, माणसं हात बांधून उभी राहतात आणि फोन वाजायला लागतात. भोसरीहून निघालेल्या टेम्पोत तेव्हा वॉशर नसतात, वेळ असते. त्या खेळात यानाच्या पोटातलं सोनं दाखवणारं यंत्र आहे, घाई दाखवणारं नाही. उशिराला तिथे फारशी शिक्षा नाही. कराराला दिवसांची मुदत असते. इथे मुदत मिनिटांची, आणि मध्ये तळेगाव चौक!

(जाता जाता: ‘टेम्पो’ हा शब्द ज्या कंपनीच्या नावावरून आपल्या तोंडात बसला ती बजाज टेम्पो आकुर्डीचीच. २००५ मध्ये तिने नाव बदलून फोर्स मोटर्स केलं. कंपनीने नाव सोडलं, पण आपण थोडंच सोडणार? आपल्याला कुठल्याही कंपनीची चारचाकी मालगाडी ही टेम्पोच.)

दुसरी त्रुटी नेपथ्याची. यानांच्या पाठी कोऱ्या आहेत. ना ‘आईचा आशीर्वाद’, ना लिंबू-मिरची, ना काळी बाहुली. ‘हॉर्न ओके प्लीज’वर २०१५ मध्ये आपल्या सरकारनेही बंदी घातली म्हणा, पण बंदी घालण्यासाठी तरी ते आधी असावं लागतं. पार्श्वसंगीत प्रसंगांना साजेसं आहे, पण हॉर्न नाही. हॉर्नशिवाय मालवाहतूक म्हणजे तबल्याशिवाय लावणी.

तिसरी त्रुटी मला दिसली नाही, ती दाखवली आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांनी. त्यांनी तीस वर्षं ट्रक चालवला. खंडाळ्याचा घाट एक्स्प्रेस-वे होण्याआधीपासून त्यांच्या पायाखालचा. एका रविवारी ते चहाला वर आले होते, तेव्हा चिरंजिवांनी कौतुकाने त्यांना हा खेळ दाखवला. काका बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, “बाळा, ह्याला झोप कधी येते?”

चिरंजीव म्हणाले, “काका, ह्याला झोप नाही. आणि यान फुटलं तरी हा मरत नाही. त्याच्यासारखंच दुसरं शरीर तयार असतं, त्यात जागा होतो.”

“मग भीती कशाची?”

“मालाची.”

“असं होय,” काका म्हणाले. “आमच्यात उलटं होतं.” आणि बशीत चहा ओतला.

टीका म्हणतात ती ही. मी चार पानं लिहून जे सांगणार होतो ते काकांनी चार शब्दांत सांगितलं आणि बिस्किटही घेतलं नाही. या खेळाने मालाचा हिशेब इतका बिनचूक मांडला, की चालवणाऱ्याचा हिशेब मांडायची त्याला गरजच उरली नाही. तिथला ड्रायव्हर अमर आहे. चाकणचा ड्रायव्हर रात्री दोनला कंपनीच्या गेटबाहेर रांगेत उभा असतो, गाडी खाली व्हायची वाट पाहत. स्टेअरिंगवर डोकं टेकतो तर मागचा हॉर्न देतो. परत जायला भाडं मिळेल की गाडी रिकामी न्यावी लागेल, हे त्याला ठाऊक नसतं. पोटात वडापाव, खिशात बिल्टी. पुन्हा जागं व्हायला दुसरं शरीर नाही.

मग दिवसभर चाकणच्या एका कारखान्यात हेच काम करणारा माझा मुलगा रात्री घरी येऊन पुन्हा तेच का खेळतो? हो, चिरंजिवांचा धंदाही डिस्पॅचच. आमच्यात ती परंपरा आहे. दिवसा माल पाठवतात, रात्री माल नेतात. सौ.ला याचं कोडं पडलं होतं. “ऑफिसातून आल्यावर कुणी ऑफिस खेळतं का हो?” असं ती मला विचारायची. शेवटी मीच त्याला विचारलं.

तो म्हणाला, “बाबा, तिथे माल पोचला की पोचला. कुणी ‘नग कमी आहेत’ म्हणत नाही, ‘गाडी परत ने’ म्हणत नाही. करार पुरा झाला असं लिहून येतं आणि पैसे जमा होतात. दिवसभरात असं एकदा तरी पाहावंसं वाटतं.”

यावर मला बोलता आलं नाही. माणसं नाटकाला कशासाठी जातात, यावर विद्वानांनी ग्रंथ लिहिले आहेत. दिवसभरात जे घडत नाही ते रात्री घडताना पाहायला जातात, एवढं मलाही कळतं.

तेव्हा निकाल असा. प्रयोग पाहण्यासारखा आहे. ज्यांना कधी गेट पास करावा लागला नाही त्यांनी तर मुद्दाम पाहावा. कथानक सशक्त, खलनायक हिशेबी, करार आदर्श. काही त्रुटी दूर केल्यास प्रयोग अधिक परिणामकारक होईल. मात्र या वेळी हे वाक्य मी दोन्ही प्रयोगांना लावतो आहे, आतल्या खोलीतल्या आणि तळेगाव चौकातल्याही. आइसलँडच्या मंडळींनी आपल्या वीराला अधूनमधून झोप येऊ द्यावी. आणि आपल्या मंडळींनी बिल्टीकडे एकदा पुन्हा पाहावं. तिच्यावर नगाला रकाना आहे, वजनाला आहे, किमतीला आहे, पाठवणाऱ्याला आहे, घेणाऱ्याला आहे. गाडीच्या नंबरालाही आहे. ड्रायव्हर शेवटचा कधी झोपला होता, त्याला मात्र नाही.